घरातली प्रार्थना कोण करणार

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले, "पण घाबरू नका. याला पॅपिलरी कार्सिनोमा म्हणतात. थायरॉइडचा सावकाश वाढणारा कॅन्सर. ऑपरेशनने बहुतेक पेशंट बरे होतात."

जळगावच्या त्या दवाखान्यात हे माझ्या शेजारी बसले होते. मीच विचारलं, आवाज राहील ना? थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, आणि आवाजाची नस तिला चिकटूनच जाते. डॉक्टर म्हणाले, "नस वाचवूच. पण काही महिने आवाज बसू शकतो."

मला कॅन्सरपेक्षा त्याचीच धास्ती वाटली. घरातली प्रार्थना मी करत होते.

मी धुळ्याच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढले. संध्याकाळी अंगणात सतरंजी अंथरली की आई बाजाची पेटी काढायची. पेटीचा एक सूर मुका होता, तिथे आई गळ्याने भर घालायची. तसंच घर मला हवं होतं.

हे चोपड्याकडचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं प्रार्थना हेच करायचे, अहिराणीत, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी. विहिरीची मोटर, गाभण म्हैस, सासूबाईंचे, आक्कांचे गुडघे, सगळं त्यात यायचं. आज त्या संध्याकाळी फार आठवतात. तेव्हा लाज वाटायची. एकदा माहेरची माणसं जेवायला होती. यांनी म्हशीसाठी प्रार्थना केली आणि आमेन व्हायच्या आत मी म्हणाले, "अहो, देवापुढे म्हशीचं काय काढता? आणि जरा शुद्ध बोला."

सगळे हसले. हेही हसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तूच कर. तुले चांगली येस." त्यानंतर यांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही.

लिहायला जड जातंय ते पुढचं. चर्चच्या भगिनी मंडळात मी दर वेळी प्रार्थनेची विनंती द्यायचे, माझे यजमान विश्वासात थंड आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. बायका कळवळून करायच्या. यांना कोणी गप्प केलं, ते मी कधी सांगितलं नाही. मोठ्या मुलीने, रूथने, एकदा विचारलं, "पप्पा प्रभूला मानत नाहीत का?" मी काहीच बोलले नाही. तिने त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं.

ऑपरेशन झालं. गळ्याला ड्रेन होता, म्हणजे साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी. बोलायला गेले तर नुसती हवा. मग लॅरिंगोस्कोपी केली, कॅमेऱ्याच्या बारीक नळीने स्वरयंत्र पाहतात ती तपासणी. डाव्या बाजूची स्वरपट्टी हलत नव्हती. "परत येईल बहुतेक. तोवर कुजबुजूसुद्धा नका," डॉक्टर म्हणाले. मुलींनी मला पाटी आणून दिली.

घरी आल्यावर संध्याकाळी रूथने स्तोत्र वाचलं. मग सगळे थांबले.

"आता कोण?" धाकट्या हन्नाने विचारलं.

"मम्मी मनात करेल," रूथ म्हणाली. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

हे खाली बघत होते. आज हे असेच उठले, तर बापाला देव नाही असं समजूनच माझ्या मुली मोठ्या होणार. पाटीवर लिहिलं, तुम्ही करा. तुमच्या बोलीत. माझं चुकलं.

यांनी वाचलं. "आते आठवनं का तुले?" म्हणाले. मग डोळे मिटले.

"बापा, हाई बाई माले टोकस. टोकू दे. पन तिना आवाज परत दे, घर सुनं लागस. आन् हन्नानी गणितनी परीक्षा शे, तेबी दख."

हन्नाने डोळे उघडले. "पप्पा, तुम्हाला माझी परीक्षा माहितीये?"

"रोज सांगस मी त्याले. कंपनीत जातांना, गाडीवर."

रूथ माझ्याकडे बघत राहिली. मला रडायलाही आवाज नव्हता.

बहिणींनो, गळ्याला गाठ लागली तर लपवू नका, लवकर दाखवा. माझा आवाज आला, थोडा घोगरा. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. वरचे सूर गेले. त्याचं दुःख नाही. हे रोज प्रार्थना करतात आणि मी ऐकते. प्रभूने यांचं सगळी वर्षं ऐकलं, याबद्दल त्याचे उपकार मानते.

मंडळात गेले तेव्हा उभी राहिले आणि सगळं सांगितलं. यजमानांची विनंती मागे घेते म्हटलं.

पाळकीणबाईंनी, आमच्या पाळकांच्या पत्नींनी, विनंत्यांच्या वहीतली ती ओळ खोडली. मग म्हणाल्या, "मग आज कोणासाठी करायची?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.