गाडीखाली उभं राहण्याची जागा

अमरावतीत घर बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरनं पहिल्याच भेटीत मला विचारलं, "मॅडम, किचन कसं पाहिजे तुम्हाला?"

"किचनचं यांना विचारा," मी म्हटलं. "मला गॅरेज पाहिजे."

नवरा शेजारीच बसला होता. तो राजापेठेत गणिताचे क्लास घेतो आणि घरी स्वयंपाकही तोच आवडीनं करतो. त्यानं लगेच ओट्याची उंची आणि खिडकीची दिशा सांगायला सुरुवात केली. इंजिनिअर जरा गोंधळला, पण त्यानं लिहून घेतलं.

मी अकोल्याच्या सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. सकाळी बडनेऱ्याहून रेल्वेनं जायचं, संध्याकाळी परत यायचं, हे माझं कित्येक वर्षांचं आयुष्य. इंजिन मी रोज उघडते, पण ते सरकारी इंजिन. विद्यार्थ्यांनी हजारदा उघडलेलं, पुन्हा बसवलेलं, कधीही रस्त्यावर न धावणारं. मला स्वतःच्या घरी, स्वतःच्या हत्यारांनी, चालणाऱ्या गाड्यांवर काम करायचं होतं. तशी जागा कशी असेल हे मी आगगाडीत बसून मनात इतक्यांदा आखलं होतं की डोळे मिटले की भिंतीवरचा पाना न् पाना दिसायचा.

ही आवड बाबांकडून आली. बाबा अकोल्यात जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. त्यांचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेचं एक कडुनिंबाचं झाड. ना भिंत, ना छप्पर. गोणपाट अंथरायचं, त्यावर उताणं पडायचं आणि सरकत सरकत गाडीखाली जायचं. मे महिन्यात पाने इतके तापायचे की ते पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे लागत. लोक ग्रीस सांडलेली जागा टाळून जायचे, आम्ही बहिणी शाळेतून थेट तिथेच यायचो. त्या कामानं बाबांनी आम्हाला शिकवलं आणि त्याच कामानं त्यांचे गुडघे आणि कंबर गेली. मी घर बांधायला काढलं तोवर त्यांनी काम सोडलं होतं.

इंजिनिअरनं आणलेल्या पहिल्या नकाशात कोपऱ्यात 'पार्किंग' असं लिहिलेला एक चौकोन होता आणि त्यात एक सुबक मोटार काढलेली होती.

"गाडी बसते की मॅडम," तो म्हणाला.

"बसते. पण दार कुठं उघडायचं?"

त्यानं नकाशाकडे नीट पाहिलं आणि हसला. "कागदावर दार उघडत नाही ना."

म्हणून मी ठरवलं, कागदावर आखायचंच नाही. एका रविवारी आम्ही चुन्याची फक्की घेऊन प्लॉटवर गेलो. शहराच्या कडेची ती जागा तेव्हा नुसती काळी माती होती. कडेच्या उतारावरून मी आमची जुनी मोटार खाली नेली, तिची चारही दारं उघडली, डिकी उघडली, बॉनेट वर केलं. मग बाहेरून फिरत फक्की टाकत गेले. चाक काढून ठेवायला इथं जागा, जॅक ओढत न्यायला इथं, दोन माणसं एकमेकांना न धडकता जातील एवढी वाट इथं. कामाच्या टेबलासमोर उभी असल्यासारखी उभी राहिले आणि माझ्या कोपराची उंची नवऱ्याकडून काठीवर खूण करून घेतली. पांढरी रेघ सरकत सरकत जिथं बैठकीची खोली यायची होती तिथवर गेली.

सासूबाई खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून वं, एवढी जागा गाडीले? मंग माणसं कुठी बसतीन?"

"बसायला येणारी माणसं किती येतात आई? आणि आली तरी तुमच्याजवळ स्वयंपाकघरातच बसतात."

"ते खरं हाये," त्या म्हणाल्या, "पण पेट्रोलचा वास माह्या घरात येऊ देऊ नको. एवढंच सांगून राह्यली."

मला हे म्हणणं पटलं, कारण ते मलाही नकोच होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते. मग घर आणि गॅरेज यांच्यामध्ये अखंड भिंत घेतली, दार बाहेरूनच ठेवलं, आणि गॅरेजच्या भिंतीला जाळीचे झरोके वर न ठेवता जमिनीलगत ठेवले. मोठी खिडकी उत्तरेला, टेबलाच्या वर. पश्चिमेची बाजू पूर्ण बंद. आमच्याकडचं दुपारचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला याचं कारण विचारावं लागत नाही.

सगळं जमत आलं होतं. अडलं ते बाबांपाशी.

प्लॉट बघायला ते अकोल्याहून आले. फक्कीच्या रेघांमधून फिरले, मान डोलवली आणि विचारलं, "खड्डा कुठी हाये?"

गाडीच्या खाली उतरून काम करायचा खड्डा. मोठ्या गॅरेजांत असतो तसा. बाबांनी जन्मभर गोणपाटावर पडून काम केलं होतं आणि जन्मभर त्यांना तो खड्डा हवा होता. माझ्या स्वप्नात भिंतीवर टांगलेली हत्यारं होती, त्यांच्या स्वप्नात फक्त तो खड्डा होता.

"खड्डा नाही ठेवत बाबा," मी म्हटलं. "ही काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंती ढकलून देईल. पाणी भरेल. आणि पेट्रोलची वाफ त्यातच साचून राहील. मी पोरांना शिकवते की खड्ड्यात उतरताना आधी हवा खेळू द्या, आणि घरीच असला खड्डा करू?"

"बिनखड्ड्याचं गॅरेज म्हंजे नुसती खोली," ते म्हणाले. "मंग मी काय झोपून करू का काम अजून?"

मी माझ्यासाठी जागा आखत होते, आणि बाबा त्यात स्वतःला बघत होते, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण म्हणून काळी माती बदलणार नव्हती. मी नाही म्हणून बसले आणि ते रुसून बसले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलेली असताना त्यांनी दोन मजूर आणून प्लॉटच्या कोपऱ्यात आपल्या मनासारखा खड्डा खणून घेतला. "नमुना हाये," नवऱ्याला म्हणाले. "तिले दाखवू."

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. फार नाही, पण पुरेसा. पाऊस थांबल्यावर मी आणि बाबा बघायला गेलो. गाडी रस्त्यावर उभी केली आणि चिखल तुडवत खाली उतरलो. खड्ड्याची एक बाजू ढासळून आत आली होती. तळाशी शाईसारखं काळं पाणी. बाबांनी काठावरचं एक ढेकूळ पायानं आत लोटलं. मला त्यांच्यावर मात केल्याचा आनंद बिलकूल झाला नाही.

"नाई जमत," ते म्हणाले. "चाल."

आमचा प्लॉट रस्त्यापेक्षा चांगला कमरेइतका खाली आहे. वर चढायला लागताच बाबांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून ते चढाच्या पायथ्याशी रचलेल्या विटांवर टेकले. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. बाबांनी सहज वर पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या गाडीचं सायलेन्सर सडलं हाये, पाह्य."

मी त्यांच्याशेजारी टेकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्या मोटारीची खालची बाजू आम्हाला तिथून दिसत होती. सायलेन्सर, त्याचा गंजलेला सांधा, मागचा अॅक्सल. आम्ही कशातही उतरलो नव्हतो, आडवे झालो नव्हतो. बाबा आरामात बसून बघत होते.

"बाबा, उठू नका," मी म्हटलं. "तिथंच बसा."

"काहून? काय झालं?"

"खड्डा खणायचाच नाही. खड्डा आहेच आपल्याकडे. अख्खा प्लॉटच खड्डा आहे!"

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, प्लॉटकडे पाहिलं, आणि विटांवर थाप मारली. "म्हंजे गाडी वरतून आणायची, सरळ!"

"सरळ. दोन चाकांखाली दोन काँक्रीटच्या पट्ट्या, खांबांवर. मधली जागा मोकळी. आणि माणूस मागच्या अंगणातून चालत खाली यायचा. पायरीसुद्धा नाही."

"पाणी?"

"मागं उतार देऊ. पाणीही जाईल, वाफही जाईल. मागची बाजू उघडीच राहील ना."

सगळे सांगत होते की आधी मुरूम टाकून प्लॉट रस्त्याच्या बरोबरीला आणा, आणि घराखाली आम्ही तो टाकलाही. गॅरेजची जागा तेवढी तशीच खाली राहू दिली. इंजिनिअरला मी फोनवर समजावलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मीच येतो." तो आला, विटांवर बसून त्यानं स्वतः वर बघितलं आणि त्याच संध्याकाळपासून हे काम त्याचंही झालं. पट्ट्यांची जाडी, सळ्या, खांब मुरूम लागेपर्यंत किती खोल न्यायचे, हे सगळं त्यानं मन लावून केलं. कमरेइतकी उंची उभं राहायला कमी पडत होती. मग रस्त्यापासून आत येताना पट्ट्या हळूहळू चढत नेल्या आणि खालची फरशी थोडी उतरवली.

काम पूर्ण झाल्यावर, काँक्रीट पुरतं मुरल्यावर, मी एक अट घातली. आधी वजन ठेवून बघायचं, मगच खाली माणूस जाईल. विटांनी गच्च भरलेला एक छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं आणला. चालक पट्ट्यांवर गाडी घ्यायला तयार होईना. मी चावी मागितली आणि स्वतः चढवली. हळू, पहिल्या गिअरमध्ये, नवरा समोर उभा राहून हातानं दिशा दाखवत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ती गाडी दिवसभर तिथं उभी ठेवली.

दुपारी ठेकेदार धावत आला. "ताई, तडा गेला!"

उजव्या पट्टीच्या खालच्या अंगाला केसासारखी रेघ होती. सगळे मागे सरले. मी छोट्या हत्तीतल्या विटा उतरवायला लावल्या, गाडी बाहेर काढली, मग छिन्नी घेऊन खाली गेले आणि तिथलं प्लास्टर काढलं. खालचं काँक्रीट जसंच्या तसं होतं. इंजिनिअरला बोलावलं, त्यानंही तपासलं. रेघ प्लास्टरचीच होती. पुन्हा विटा भरल्या, पुन्हा गाडी चढवली, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच ठेवली. नवीन रेघ आली नाही.

मग आमची मोटार वर घेतली. मी हॅन्डब्रेक लावला, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि खाली जायला वळले, तर बाबा मागच्या अंगणातून आधीच आत गेले होते. धोतराचा सोगा खोचलेला, हात पाठीशी. त्यांच्या डोक्यावर गाडी होती आणि ते ताठ उभे होते. एक हात वर करून त्यांनी सायलेन्सरचा सांधा चाचपला. मग चेसिसवरून हात फिरवत पुढच्या चाकापर्यंत चालत गेले आणि परत आले. चालत.

ते म्हणाले, "दिवा अजून एक पाहिजे इकडे. अन् चौदाचा पाना दे."

आम्ही दोघांनी ते सायलेन्सर त्याच सकाळी उतरवलं. गंज डोळ्यांत पडला, नट अडकला, बाबांनी नटाला दोन शिव्या घातल्या. सासूबाईंनी अंगणातून चहा आणला आणि आत न येता बाहेरूनच पुढे केला. "वास तं नाई येत घरात," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

आता बाबा बहुतेक शनिवारी माझ्यासोबत अकोल्याहून येतात. मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाला आमच्या गॅरेजची रचना समजावून झालेली असते. रविवारी कॉलनीतल्या बायका आपापल्या स्कूटर घेऊन येतात. मी त्यांना प्लग काढायला, ब्रेक ताणायला शिकवते. एकीनं परवा स्वतःच ब्रेकची वायर बदलली आणि हात न धुताच घरी गेली, नवऱ्याला दाखवायला.

गेल्या रविवारी एकाची जुनी जीप आली. इंजिन बाहेर काढावं लागणार होतं. बाबा जीपभोवती फिरले आणि म्हणाले, "हे मात्र जमत नाई इथी. इंजिन उचलाले वरतून चेन-पुली लागते. त्याचा इचार केला नाई तू."

मी छताकडे बोट दाखवलं. स्लॅब टाकतानाच तुळईत एक जाड हूक सोडून ठेवला होता, इंजिनचं वजन धरून, इंजिनिअरकडून हिशेब करवून घेऊन.

बाबा मान वर करून बघत राहिले. "मले सांगतलं नाई," ते म्हणाले.

"तुम्ही खड्ड्याच्या नादात होता."

ते हसले, खिशातून फोन काढला आणि अकोल्यातल्या त्यांच्या जुन्या मित्राला विचारलं की त्याच्याकडची चेन-पुली अजून चांगली आहे का.