दीड वीत दोरी

१९८७ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. फौजेतून सुटून चंदीगडलाच राहिलेलो, सेक्टर बावीसच्या मागच्या अंगाला छोट्या जनरेटरच्या दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. शाळा म्हणाल तर चौथी, तीही मास्तरांनी ढकललेली. पण दोरी ओढून चालू होणारं कुठलंही इंजिन माझ्यापुढं आणून ठेवा, आजही डोळे मिटून खोलीन. हे फुशारकीनं सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगतो.

आमच्यातले, म्हणजे मराठीच, एक साहेब होते. इंजिनियर, केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. जपानला जाऊन आले तेव्हा खेळण्यातली मोटार घेऊन आले. खेळण्यातली म्हणजे सेलवर चालणारी नव्हे. तिला खरं इंजिन, पेरूएवढं. त्यात मेथिल स्पिरिट आणि एरंडेलाचं मिश्रण घालायचं, ग्लो प्लगला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या तारेच्या प्लगला, सेल लावून तो लाल करायचा आणि मागची दोरी ओढायची. मग हातात रेडिओचा डबा धरून, एरियल लांब करून ती मैदानात पळवायची. कुत्रीसुद्धा मागं पडायची तिच्या.

साहेबांनी महिनाभरात तिची दोरी तोडली आणि आतली स्प्रिंगही. चंदीगडात तिचा पार्ट कुठला मिळायला! आले माझ्याकडं. "दादा, तुमच्याशिवाय कोणी नाही बघा इथं." मराठीत बोलले, आपलेपणानं बोलले, मी पाघळलो. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी चपटी स्प्रिंग, तिचा आतला आकडा तुटला होता. टोक स्पिरिटच्या दिव्यावर नरम केलं, नवा आकडा वळवला. दोरी माझ्या जुन्या फौजी सामानातली घातली, नायलॉनची, बारीक, टोक जाळून गाठ मारलेली. देताना एकच गोष्ट सांगितली, "साहेब, दीड वीत ओढायची. छोटी ओढायची. अडकली तर जोर नाही करायचा, इंजिनात तेल भरलंय असं समजायचं आणि प्लग काढून ते ओतून टाकायचं."

"पक्का, दादा," म्हणाले.

मग दर रविवारी पंचकुल्याच्या मोकळ्या प्लॉटांवर गाडी पळवायची आणि सामान न्यायचं मी. का तर एरंडेलाचा वास त्यांच्या मोटारीच्या सीटला लागतो. वहिनींना चालत नाही. म्हणून साहेब सहकुटुंब मोटारीतून पुढं आणि मी सायकलवर मागून, कॅरिअरला पेटी बांधून. पेटी माझीच. फौजेतली दारूगोळ्याची हिरवी लाकडी पेटी. आम्हा फौजींच्या घरी अशा पेट्यांत कपडे असतात, गहू असतात, देवसुद्धा असतात. मी तिच्यात कप्पे केले. एकात गाडी, एकात रेडिओ, एकात सेल आणि वायर गुंडाळून, एकात तेलाचा डबा. हत्यारं फडक्यात. इतकी नीट पेटी लावली होती की उघडून बघत बसावं.

ती नीट लावली हीच माझी चूक. ती मी मान्य करतो. त्या दिवसांत अतिरेकी ट्रान्झिस्टरमधे बाँब ठेवायचे, तो रस्त्यावर पडलेला दिसला तरी लोक पळायचे आणि मी हिरव्या पेटीत वायर, बॅटरी, एरियल आणि तेल एकत्र घेऊन हिंडत होतो. फौजी माणूस, मला त्या पेटीची भीती वाटायचं कारणच नव्हतं. दुसऱ्याला वाटेल हे सुचलं नाही.

पंचकुल्याच्या अलीकडं पोलिसांचा नाका होता. वाळूची पोती, मधे अडथळे. साहेबांची मोटार हात दाखवून पुढं गेली. मला थांबवलं.

"ओए, की है एह?"

"खिलौना है जी."

शिपायानं झाकण उचललं आणि दोन पावलं मागं सरला. पुढचं क्षणात झालं. बंदुका माझ्याकडं, मी जमिनीवर पालथा, गाल डांबरावर. सतरा वर्षं ज्या सरकारची वर्दी घातली, त्याच्याच शिपायाचा बूट माझ्या पाठीवर. मी ओरडून सांगितलं, पुढं पांढरी मोटार गेली, त्या साहेबांना विचारा.

साहेब आले. मोटार मागं फिरवून आले, एवढं खरं. मला वाटलं, सुटलो. मी मान वर करून मराठीत म्हटलं, "साहेब, सांगा ह्यांना."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. नाक्यावरच्या ठाणेदाराकडं बघून म्हणाले, "देखिए जी, खिलौना मेरा है. लेकिन पेटी इसकी है. इसने अंदर क्या-क्या रखा है, मुझे नहीं मालूम. मिस्त्री है, बस. ज़्यादा पहचान नहीं."

ज़्यादा पहचान नहीं! आदल्या रविवारी ह्याच माणसानं माझ्या घरी बसून पोहे खाल्ले होते, वर कांदा मागून घेतला होता.

ठाणेदार शहाणा होता. म्हणाला, "खिलौना है तो चला के दिखाओ."

मी उठायला लागलो तर साहेबांनीच गाडी हातात घेतली. घाई झालेली. टाकी गच्च भरली, धुराच्या नळीवर बोट ठेवून तीनदा दोरी ओढली. असं केलं की तेल इंजिनात ओढलं जातं, एकदा पुरतं. तीनदा केल्यावर इंजिन भरणारच. दोरी अडकली. मी खालूनच ओरडलो, "जोर करू नका!" त्यांनी खांद्यापासून हिसका दिला. दोरी तुटली. मूठ त्यांच्या हातात राहिली.

आणि साहेब ठाणेदाराला म्हणाले, "इसी ने रिपेअर किया है जी. कच्चा काम."

बूट मी विसरलो आहे. पोरगं होतं ते, घाबरलं होतं. पण हे दोन शब्द ऐकले तेव्हा माझं रक्त तापलं ते आजतागायत निवलेलं नाही. माझ्या कामाला कच्चं म्हणायला ह्यांनी कधी स्क्रू तरी फिरवला होता का?

मी म्हणालो, "ठाणेदार साब, बीस मिनट दो. नहीं चली तो अंदर डाल देना."

"दे दो उस्ताद को बीस मिनट," तो म्हणाला.

चार बंदुकांमधे मांडी घालून बसलो. प्लग काढला, गाडी उलटी करून तेल रस्त्यावर ओतलं. मागचे चार स्क्रू काढले. उरलेली दोरी ओढून काढली, टोक काडीनं जाळलं, मुठीत नवी गाठ. स्प्रिंगला फेरे दिले, झाकण लावलं. साहेब उन्हात उभे, वहिनी मोटारीत. एक हवालदार मात्र हळूहळू वाकून बघायला लागला होता. प्लग बसवला, सेल लावला. दीड वीत ओढली. पहिल्या ओढीला इंजिन किंचाळलं.

शिपाई हसायला लागले. ज्यानं बूट ठेवला होता त्यानंच पाठीवरची धूळ झटकली, "माफ करीं, ताया." ताया म्हणजे थोरला काका. ठाणेदारानं गाडी नाक्यावर दोनदा इकडून तिकडं फिरवून घेतली आणि जा म्हणाला.

साहेब जवळ आले. परत मराठी. "दादा, चला, उशीर झाला. पेटी घेऊन या मागून."

मी पेटी बांधली आणि सायकल चंदीगडकडं वळवली. त्यांनी मागून दोन हाका मारल्या. वळलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब ऑफिसला निघायच्या आधी, त्यांच्या दारात गेलो. पेटीतलं एकेक सामान काढून व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडलं. गाडी, रेडिओ, सेल, तेल. मग स्क्रू काढून माझी दोरी ओढून घेतली. त्यांची जुनी तुटकी दोरी मी जपून ठेवली होती, ती शेजारी ठेवली. स्प्रिंग मात्र तशीच राहू दिली, ती त्यांचीच होती.

वहिनी चहा घ्या म्हणाल्या. साहेब टाय बांधत बाहेर आले. "अहो दादा, हे काय? दोरी नाही तर गाडी चालू कशी करायची?"

"पक्क्या कामाचा माणूस बघा," म्हणालो. चहा घेतला नाही. रिकामी पेटी कॅरिअरला ठेवली, तिची कडी त्याच दोरीनं बांधली आणि दुकान उघडायला गेलो.