भिंतीला लावलेली बाज

मी बोर्ड रंगवणारा माणूस. वेंगुर्ल्याकडचा, सहावीत शाळा सुटलेला. चिकलठाण्याला नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या भिंतींवर ‘धोका’ आणि ‘विडी ओढू नये’ लिहून पोट भरत होतो. गारखेड्यात आम्ही चौघं एका खोलीत राहायचो आणि वरच्या मजल्यावर कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. माझं अक्षर बघून त्यांनी एकदा विचारलं, चित्रं काढता का? मी हो म्हणून बसलो. त्यांना पीएच.डी.च्या प्रयोगासाठी चित्रं हवी होती.

बाईंचं म्हणणं असं, की माणूस वाक्य ऐकतो तेव्हा नुसते शब्द ऐकत नाही, ते मनातल्या मनात घडताना बघतो. पण हे दाखवायचं कसं? त्यांनी मला छत्रीवरून समजावलं. ‘त्यानं छत्री खुंटीला टांगली’ आणि ‘त्यानं छत्री डोक्यावर धरली’. छत्री तीच, पण एकीकडं मिटलेली, दुसरीकडं उघडी. माणसाला वाक्य ऐकवायचं, लगेच छत्रीचं चित्र दाखवायचं आणि एवढंच विचारायचं, की ही वस्तू वाक्यात होती का. छत्री मिटलेली दाखवा नाहीतर उघडी, उत्तर ‘हो’च. पण मनात मिटलेली उभी राहिली असेल, तर मिटलेल्या चित्राला बटण लवकर दाबलं जाणार. मधे मधे वाक्यात नसलेल्या वस्तूही घालायच्या, नाहीतर माणूस डोळे झाकून ‘हो’ दाबत सुटायचा. एका कारखान्यातल्या फिटरनं जुन्या टायमरला दोन बटणं जोडून यंत्र करून दिलं. चित्रं माझी.

बाईंच्या पीएच.डी.च्या सरांना हे पटलेलं नव्हतं. खेड्यातली माणसं यंत्रापुढं बसणार नाहीत, कॉलेजची मुलं घ्या, असं ते म्हणत. पण मुलं आणायची कुठून? विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं. आज बंद, उद्या मोर्चा, कॉलेजला कुलूप. शेवटी सरांनी सांगितलं, एका गावातलं काम नीट करून दाखवा, नाहीतर विषय बदला. बाईंची तीन वर्षं त्या विषयात गेली होती, आणि आता सगळं माझ्या कार्डांवर येऊन थांबलं होतं.

आम्ही करमाड गावात शाळेच्या एका खोलीत यंत्र मांडलं. मेंढरांमागं जाणारे आले, शेतकरी आले, गावाबाहेरच्या वस्तीतलेही आले. एकजण कुरकुरला, की ती लोकं बसलेल्या खुर्चीवर आम्ही बसायचं का. बाई शांतपणे म्हणाल्या, “खुर्ची एकच आहे, दादा. यंत्रही एकच.” तो दारात घुटमळला आणि शेवटी बसला. मला बाईंचा तेव्हा जो अभिमान वाटला, तो कुणाला सांगायची माझी ऐपत नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाजेचं वाक्य आलं. ‘तिनं बाज भिंतीला लावली.’ एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. चित्र बघितलं आणि त्यांचं बोट बटणावर नुसतं तरंगत राहिलं.

“बाज तर पडलेलीच हाय की,” ते म्हणाले. “लावली कुठं?”

माझ्या चित्रात बाज भिंतीला चिकटून आडवी होती, पलंग सरकवावा तशी. आमच्या घरी सगळे चटईवर झोपायचे. बाई शहरातल्या, शहागंजात वाढलेल्या, त्यांच्या घरी लोखंडी पलंग. दोघांनाही तेच बरोबर वाटलं होतं. इथं मात्र सकाळी बाज उचलून भिंतीला उभी टेकवतात. त्यालाच लावणं म्हणतात. आणि जोडीच्या वाक्यातली अंगणात ‘टाकलेली’ बाज तर आडवी असतेच. म्हणजे माझी दोन्ही चित्रं आडवीच, तुलना करायला काही उरलंच नव्हतं.

म्हाताऱ्यांची सून दारातून हसली. “पाव्हणं, तुमच्या कोकणात लोकं माडावर झोपत्यात व्हय?”

सगळी खोली हसली. मला वाटलं, झालं, बाईंचं काम आपण बुडवलं. पण बाई हसणाऱ्यांबरोबर हसल्या आणि यंत्र बंद केलं. मला म्हणाल्या, आता एकेक वाक्य वाचा आणि यांना ते हातानं करून दाखवायला सांगा. दिवस मावळेपर्यंत ती सून आणि तिच्या जावा करून दाखवत होत्या, मी कोळशानं उतरवत होतो. घोंगडी घेतली म्हणजे खांद्यावर की डोक्यावरून खोळ करून, यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलं. बाईंनी ते वाक्यच काढून टाकलं. एकमत होईल तेवढंच ठेवायचं, हा नियम त्या दिवशी झाला.

कार्डं नव्यानं काढली. बंद उठल्यावर पुन्हा गेलो, या खेपेला करमाडच्या अलीकडच्या वस्तीवर, ज्यांनी आधीची चित्रं पाहिली नव्हती अशांकडं. बटणावर कुणाचं बोट तरंगलं नाही. जुळणाऱ्या चित्राला हात लवकर जात होता, हे मला यंत्राकडं न बघताही कळायला लागलं होतं.

परत आल्यावर सरांनी त्यांच्या खोलीत कार्डं आणि वेळांचे आकडे पाहिले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी विचारलं, वाक्यातून हेच चित्र निघतं हे कशावरून ठरवलं? उत्तर बाईंना येत होतं. पण त्या म्हणाल्या, “हे सांगतील, सर.”

मी सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. आधी माणसांनी करून दाखवायचं, मग चित्र, आणि करून दाखवणारी माणसं यंत्रापुढं बसवायची नाहीत. सरांनी बाजेची दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग बाईंना म्हणाले, विषय तोच राहू द्या. पुढचं गाव कोणतं?

दुसऱ्या दिवशी मी शहागंजात जाडे कागद घ्यायला गेलो. दुकानदार ओळखीचा. एवढे कागद बघून म्हणाला, “क्या मियाँ, बोर्ड का बड़ा काम मिला?”

“नाही,” मी म्हणालो. “प्रयोगाला पाहिजेत. आमच्या.”