मामाजी आणि घटपर्णीचा पराग

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. मोहाडीला विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण वर्गातला आवाज तेवढा घरी घेऊन आले. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याचाही त्यांना राग. बुद्धिबळाचे दोन्ही भिडू तिकडे गेले म्हणून. आणि अशा माणसाने जीव लावला तो किडे खाणाऱ्या घटपर्णीला. उन्हाळ्यात ती कुलरपुढे आणि घरची माणसं कुलरमागे. तिच्या पानाला लोंबणाऱ्या सुरईत मुंगी पडली, की मामाजी नातू झाल्यासारखे खूश होत.

घटपर्णीत नर आणि मादी झाड वेगळं. मामाजींकडे नर, मादी पवनीला, त्यांच्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंकडे. दोन्ही एकदम फुलली तरच बी धरणार, आणि कित्येक वर्षं ते जमलंच नव्हतं. त्यामुळे फुलांचा तुरा आला की पराग उडू नये म्हणून घरात पंखा बंद, शिंकसुद्धा अंगणात जाऊन द्यायची. एकदा मी फूल पाहून "पिकलं वाटतं" म्हणालो, तर भडकलेच. "पिवळं दिसलं म्हणजे पिकलं काय? टिचकी मारली का काळ्या कापडावर भुकटी पडली पाहिजे. धान तरी पिकलं का कच्चं, समजते का तुले?" मी तेव्हा कृषी खात्यात नोकरीला होतो.

एका वर्षी बाईंचा फोन आला, मादी फुलली. मामाजींनी त्याच सकाळी आपला तुरा कापला. "टिचकी?" मी विचारलं. "ते तुमच्यासारख्यायसाठी. मी नजरेनं ओळखतो." मग माझ्या स्कूटरवर मागे बसून पवनीपर्यंत माझा उद्धार. "गचका काहून देऊन राहिला? पराग सांडते ना." शेवटी मीही तापलो आणि म्हणालो, उतरा, बसने या. ते उतरले नाहीत, तुऱ्यावर रुमाल धरून तसेच बसून राहिले.

बाईंनी तुरा हाती घेतला, पाटीवर धरून टिचकी मारली. काही पडलं नाही. पुन्हा मारली.

"सर, फुलं हिरवीच आहेत अजून."

"हिरवी? पिवळी जर्द आहेत. डोळे तपासा तुमचे."

बाई रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माझं लुगडं कोणत्या रंगाचं दिसते, सर?"

"पिवळट."

लुगडं पांढरंशुभ्र होतं. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघावं लागलं. ते म्हणाले, "मले तर सगळंच असं दिसून राहिलं, लय दिवसांपासून. मले वाटलं, दिवसच तसे आहेत."

बाईंनी तुरा पाण्यात ठेवला. चौथ्या दिवशी खालच्या फुलांतून भुकटी सुटली, आणि त्या वर्षी मादीला बारीक शेंगा धरल्या. पुढे भंडाऱ्याला मामाजींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता त्यांना भिंतीवरची पालही लांबून दिसते. तरी तुरा आला की ते मला मोहाडीला बोलावतात, खुर्ची झाडाजवळ सरकवतात आणि म्हणतात, "तू पाह्य बरं." मी चुकीचं सांगतो तेव्हाही ते ओरडत नाहीत. नुसते मान हलवतात आणि, "मग राहू दे दोन दिवस," म्हणतात. मला ते अजून सवयीचं होत नाही.