खोक्याच्या तळाची सीडी

"ही फुलं पडायची कवा थांबत्यात, त्ये आदी दावा," प्रियदर्शनी म्हणाली.

"थांबवायची कशाला वहिनी? लोक त्याचेच पैसे देतात," वीरधवल म्हणाला. सांगलीतल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पडद्यावर कुणाची तरी नवरी बदामाच्या आकारात कोंबून बसवली होती आणि तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा नुसता पाऊस चालला होता. "एकशे वीस इफेक्ट आहेत ह्यात. नवरदेव कमळातनं बाहेर काढता येतो."

"नवरा काय चिकलात रुतलाय व्हय, कमळातनं काडायला?"

शेजारी उभा असलेला नागसेन, तिचा नवरा, तोंडावर रुमाल धरून खोकला. हसू आलं की तो असाच खोकायचा.

साल अठ्ठ्याण्णव. ही दोघं रहिमतपूरची. नागसेन लग्नाचं शूटिंग करायचा. खांद्यावर कॅमेरा आणि पायात वायरींचं जंजाळ. कापायचं-जोडायचं काम मात्र प्रियदर्शनीचं. कुठं कापलं तर मामा मंडपातनं पळाल्यासारखा दिसणार नाही, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं. पण कापायची यंत्रं साताऱ्यात, हंबीररावाकडं. पिशवीत कॅसेटी घालून ती एसटीनं जायची, त्याच्या दोन व्हिडिओ डेकांपुढं स्टुलावर बसायची आणि 'हितं तोडा, हितं जोडा' सांगायची. तासाला भाडं.

हंबीररावाची एक रीत होती. लगीनसराईच्या तोंडाला तो पन्नास-पन्नास कोऱ्या कॅसेटी घ्यायचा आणि सगळ्यांच्या सुरवातीला एक तयार पट्टी चढवून ठेवायचा. समई, गणपती, मागं सनई. पुढचं लग्न त्याच्या मागनं जोडायचं. त्यानं त्याचा वेळ वाचायचा आणि गिऱ्हाइकालाही बरं वाटायचं. प्रियदर्शनीचं बहुतेक गिऱ्हाईक बौद्ध. त्यांच्यात बुद्धवंदनेनं लग्न लागतं, गणपतीचा काही संबंध नाही. म्हणून ती दरखेपेला म्हणायची, "दादा, आमची पयल्यापास्नं चढवा, पट्टीच्या वरनं." आणि तोही कुरकुरत का होईना, चढवायचा.

त्या मे महिन्यात मात्र चुकलं, आणि चूक तिचीच. शेवटची गाडी चुकेल म्हणून सुरवात न बघताच तिनं कॅसेट पिशवीत टाकली.

कॅसेट होती धामणेरच्या आबांच्या थोरल्या नातीच्या लग्नाची. आबा रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली रजा टाकून बाबासाहेबांच्या दीक्षेला नागपूरला गेले आणि तिथं घेतलेल्या प्रतिज्ञांतली एकही त्यांनी पुढं मोडली नाही. घरातल्या देवांचे टाक त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. कॅसेट बघायला सगळी वस्ती जमलेली. बटण दाबलं आणि सनई सुरू झाली. समई लागली, गणपती आला. आबा उठले, टोपी घातली आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले.

शिवी दिली असती तर तिला परवडली असती.

चार दिवसांनी त्यांनी कॅसेट परत पाठवली नाही, ते स्वतः घेऊन आले. "पोरी, तुज्यावर राग न्हाई. पर तुजं काम दुसऱ्याच्या हातात हाय. डिसेंबरात धाकटीचं लगीन हाय. तुज्या हातानं हुनार आसंल तरच हो म्हन. न्हाईतर मी फोटोवर भागवतो."

"हुतंय आबा," ती म्हणाली. कसं होणार ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला गेली. हंबीरराव चहा ढवळत होता.

"आमच्या कॅसेटी येगळ्या ठिवा. कोऱ्या. त्यावर काय चढवू नगा."

"सगळ्या जिल्ह्याला चालती ती पट्टी. तुमालाच तेवढी टोचती व्हय?"

"व्हय, टोचती."

"मग पुसायचे पैसे वेगळे पडतील."

"चढवायचं तुमी, आन् पुसायचं पैसं आमी?"

"नसंल पटत तर दुसरीकडं जावा की. आख्ख्या साताऱ्यात दुसरं मशीन कुणाकडं हाय, दावा मला."

तिनं स्टुलावरची पिशवी उचलली. "हिकडं न्हाई, म्हंजी जगात न्हाई आसं न्हाई," एवढं बोलून स्टँडवर आली. उभ्या-उभ्या उसाचा रस प्याली आणि परतीची गाडी धरली.

मग दोन हंगामांची शिल्लक आणि नागसेनची राजदूत मोटारसायकल ह्यांच्यातनं कॉम्प्युटर उभा राहिला. राजदूत विकताना नागसेन म्हणाला, "नवरा तेवढा ठिव." आता कॅसेटीतलं चित्र आत घ्यायचं कार्ड आणि ते कापायचा प्रोग्राम घ्यायचा राहिला होता, त्यासाठी सांगली.

वीरधवलनं पाकळ्यावाल्या प्रोग्रामची किंमत सांगितली. नागसेनचा रुमाल खाली आला. "आवं, हत्तीपरास अंबारी म्हाग?"

"खरा घेतला तर. पण खरा घेतोय कोण?" वीरधवलनं खणातनं हातानं नाव लिहिलेली एक सीडी काढली. "कॉपी मारून देतो. दोनशे द्या. सगळी सांगली हीच वापरते."

नागसेनचे डोळे चमकले. प्रियदर्शनीनं सीडीला हातही लावला नाही.

"साहेब, उद्या कुणी झडती घेतली आन् तुमच्या घरात ह्ये घावलं, तर लोक म्हनतील शेठचा हिशोब चुकला. आमच्या घरात घावलं तर म्हनतील, वाटलंच हुतं. आमाला पावतीचं दावा."

वीरधवल कार्डाचं खोकं उगाच उघडझाप करत बसला. खोक्याच्या तळाला, पुठ्ठ्याच्या खाली, पातळ कागदी पाकिटात काहीतरी चकाकलं.

"त्ये काय हाय?"

"ते कार्डाबरोबर येतं, फुकट. पोरखेळ आहे वहिनी. आम्ही ती काढून टाकतो."

"टाकायच्या आदी दावा."

नाइलाजानं त्यानं ती चढवली. करड्या रंगाची खिडकी उघडली, खाली दोन पट्ट्या, एक चित्राची, एक आवाजाची. फूल नाही, बदाम नाही. प्रियदर्शनीनं खुर्ची पुढं ओढली आणि माऊस त्याच्या हातनं काढून घेतला. टायपिंगच्या क्लासात शिकलेली बोटं, एकदा बटण कळलं की विसरत नव्हती.

"तोडता येतंय? जोडता येतंय? एकाचा आवाज दुसऱ्याच्या चित्राखाली सरकिवता येतोय?"

"येतं. पण तेवढंच."

"आन् सुरवातीला त्यो सवताच्या मनानं काय घालत न्हाई न्हवं?"

वीरधवलला प्रश्नच कळला नाही. "स्वतःच्या मनानं काय घालणार? काळा पडदा असतो. तुम्ही घालाल ते."

"मंग ह्योच."

"सहा महिन्यांत दुसरा मागायला याल."

"आलू तर तवा पाकळ्या दावा. आता पावती फाडा. कार्ड आन् सीडी, दोनीबी लिवा."

"कुणाच्या नावानं?" वीरधवलनं नागसेनकडं बघत विचारलं.

"तिच्या," नागसेन म्हणाला. "मी कॅमेरावाला हाय."

पोरखेळ मात्र सोपा नव्हता. मशीनच्या पोटात जेमतेम वीस मिनिटं मावायची. दहा मिनिटं आत घ्यायची, कापायची, परत कॅसेटवर उतरवायची, पोट रिकामं करायचं, पुढची दहा घ्यायची. डिसेंबरातल्या लग्नाचे अठरा तुकडे पडले. सातव्याला लाईट गेली, सातवा परत. बाराव्याला मशीनच आखडून बसलं.

"पाकळीवाल्याला फोन लावू का?" नागसेननं डिवचलं.

"लावा. जेवायबी त्येच्याकडंच जावा."

ह्या सगळ्याची बातमी साताऱ्याला पोचलीच. फोटोवाल्या भाऊसोच्या हातनं हंबीररावाचा निरोप आला: खेळणं ठेव बाजूला, ये माघारी, कोऱ्या कॅसेटी देतो, पुसायचे पैसे सोडले.

"काय सांगू?" भाऊसोनं विचारलं.

"सांगा, मोकळा वकुत न्हाई. तेरावा चाललाय."

भाऊसो 'तेरावा' ऐकून दचकला आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागला. त्याला चहा पाजून घालवावा लागला.

रविवारी सकाळी आबांच्या घरी तीच वस्ती, तोच टीव्ही. प्रियदर्शनी दाराजवळ बसली. ह्या खेपेला चुकलं असतं तर हंबीररावाचं नाव घ्यायची सोय नव्हती.

बटण दाबलं. काळा पडदा. बायका कुजबुजल्या, बिघडलं वाटतं. मग त्या काळ्यातनं एक घोगरा, सुरात नसलेला आवाज आला, वंदना म्हणणारा. आणि चित्र हळूहळू उजळलं.

"ह्ये कोन रेकतंय?" आबांनी विचारलं.

"आवं आबा, तुमीच की."

पडद्यावरच्या आबांबरोबर खालच्या आबांचे ओठ हलायला लागले.

अर्ध्या तासानं ते अचानक उठले. टोपी घातली. प्रियदर्शनीनं वाट द्यायला पाय आखडले.

"थांबिव गं जरा," दारात येऊन ते म्हणाले. "मुतून येतो. तवर फुडं जाऊ नगंस."

तीन तास त्यांनी एकही तुकडा सोडला नाही. शेवटी विचारलं, "मदी मदी डोळा मारतंय त्ये काय?"

"सांधं हायती आबा. मशीन ल्हान हाय, दर दहा मिंटाला दम खातंय."

"खाऊ दे. मीबी खातो." त्यांनी कॅसेट काढली, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळली आणि फळीवर आपल्या पेन्शनच्या कागदांशेजारी ठेवली. शाबासकी वगैरे काही नाही. फक्त ती निघाली तेव्हा भाचीच्या लेकीच्या लग्नाची तारीख सांगितली.

घरी येऊन बघते तर ओट्यावर मानसिंग सुभेदार. फौजेतनं निवृत्त, मिशीला तूप. पोराच्या लग्नाची कॅसेट मांडीवर.

"तुमी म्हणं गिऱ्हाइकाच्या मनानं सुरवात करता."

"व्हय. तुमाला काय पायजे?"

"म्हैस," सुभेदार म्हणाले. "माझी मुऱ्हा. साडेसतरा लिटर देती. आदी ती, मागनं पावणं. साताऱ्यात सांगितलं तर हसला त्यो."

"शूटिंगात आली हाय का?"

"वरातीच्या टायमाला, गोठ्याकडनं गेली तवा. कुटंतरी हाय."

नागसेन खोकायला लागला. प्रियदर्शनीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. चपला काढल्या, पदर खोचला, सुभेदारांची कॅसेट डेकात सारली आणि वरात लागेपर्यंत पुढं पळवायला लागली.