पक्षी-उद्यानातलं आत्याचं माहेर

तमिळ मुलखात, इन्नंबूरच्या शेतातलं आमचं जुनं घर रस्ता रुंद करताना मध्ये आलं. पाडण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही चुलत भावांनी ते एका पक्षी-उद्यानाला देऊन टाकलं. त्यांनी खांब, तुळया, कौलं सुटी करून नेली आणि साक्कोट्टैच्या पलीकडे तळ्याकाठी तसंच घर पुन्हा उभं केलं. आता तिथे उद्यानाचं तिकीट आणि पक्ष्यांची माहिती मिळते. माझी आत्या त्याच घरात जन्मली. पण घर देताना तिला विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

गेल्या पोंगलनंतर तिनेच मला तिथे न्यायला सांगितलं. उंबऱ्याशी तिने चपला काढल्या. आत भिंतीवर बगळ्यांचे फोटो होते, भाताच्या कोठीच्या जागी दुर्बिणींचं कपाट.  ती सरळ माजघरात गेली, झोपाळ्याला आडवी बांधलेली दोरी सोडली आणि त्यावर बसली. तेवढ्यात सहलीची मुलं बूट घालून आत शिरली. तिने त्यांना तमिळमध्ये सांगितलं, बूट बाहेर काढून या, हे राहतं घर आहे.

मुलं हसायला लागली. माहिती देणारी तरुणी धावत आली आणि आत्याला उठायची विनंती करू लागली. सगळे बघत होते. घर आमचं आहे म्हटलं असतं, तर ते तिला न विचारता दिलं हेही आत्यासमोर सांगावं लागलं असतं. मी घाईघाईने तमिळमध्ये म्हणालो, "वय झालंय त्यांचं. कधी कधी भान राहत नाही. माफ करा."

आत्याला तमिळ माझ्याइतकंच येतं. ती उठली, दोरी होती तशी बांधली. बाहेर चपला घालताना आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "मज भान आहे रे. तुज लाज वाटली, इतकंच."

रिक्षात मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन मी त्या तरुणीला खरं काय ते सांगितलं. ती खजील झाली. म्हणाली, त्यांना पुन्हा आणा, मुलांना घराबद्दल त्याच सांगू देत. तो निरोप घेऊन मी आत्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. गुडघे दुखतात, नंतर बघू, एवढंच म्हणाली आणि उठून माझ्यासाठी कॉफी केली. मी खरं तर तिची माफी मागायला गेलो होतो. कॉफी प्यालो, पेला विसळून ठेवला आणि तसाच परत आलो.