आबांचा घोटा आणि माझी सेवा

बापाची सेवा कशी करू नये, यावर जालना जिल्ह्यात कुणाला मार्गदर्शन हवं असेल तर मी मोकळा आहे. अनुभव एकाच बापाचा आहे, पण पुरेसा आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऐन वैशाखात केदारखेड्याला आमच्या विहिरीच्या पायरीवरून वडील घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्यात विरघळणारे स्क्रू बसवले. पुन्हा कापून काढायची भानगड नाही. हाड भरत जाईल तसे ते आतल्या आत जिरणार. मी आबांना नवीन जालन्यात माझ्या घरी आणलं आणि बियाण्याच्या कंपनीत, जिथे मी कारकून होतो, आठवडाभर त्या स्क्रूंवर भाषणं दिली. जसे काही मीच शोधून काढले होते.

डॉक्टरांनी एकच काम सांगितलं होतं. दीड महिन्यानंतर पाय वजनकाट्यावर ठेवायचा, दहा किलो दिसेल इतकाच दाबायचा, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. काटा मी आणला. पहिल्याच दिवशी आबांनी पाय दाबून "स्स" केलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बत्तासा आला. विरघळणारी वस्तू ती. दाबली की भुगा! मी काटा पलंगाखाली सरकवला.

मग सेवा सुरू झाली. त्या पायाला मी जमीन लागू दिली नाही. न्हाणीपर्यंत उचलून न्यायचो. शेजारचे मारवाडी शेठ तर आपल्या दोन्ही मुलांना दाखवायला घेऊन आले. "देखो, इसको बोलते हैं बेटा!" मी खाली मान घालून चहा ओतत राहिलो. वर बघितलं असतं तर माझं हसू दिसलं असतं.

आबा मात्र चिडायचे.

"टेकू दे रे जरा. औंदा न्हाई तर पुढल्या पेरणीला तरी मला तिफणीमागं चालायचंय."

"आबा, आत स्क्रू आहे."

"मह्याच पायात हाये ना? मंग मला कळंल की."

एकदा कचेरीतून आलो तर भिंत धरून उभे. शेठजींच्या देखत मी त्यांच्यावर खेकसलो. ते गुपचूप पलंगावर जाऊन बसले. तपासणीला डॉक्टर विचारायचे, "भार देतात ना?" मी सांगायचो, "बिलकुल बराबर." आबा माझ्याकडे बघायचे. पण परक्यासमोर पोराला खोटं पाडायची त्यांची रीत नव्हती.

वर्षाने घोट्याचा एक्स-रे फोटो काढला. स्क्रू ठरल्याप्रमाणे जिरत आले होते, हाडाने मात्र फट भरलीच नव्हती.

"हाडाला थोडा थोडा भार लागतो," डॉक्टर म्हणाले. "भार पडला तर ते वाढतं. स्क्रूने हळूहळू सोडायचं आणि हाडाने उचलायचं, असा हिशेब होता. काटा वापरला ना तुम्ही?"

मी रुमाल काढून नाक पुसलं. सर्दी नव्हती.

पुन्हा ऑपरेशन करू, मग नीट चालू लागतील, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी हात जोडले.

"न्हाई साहेब. आप्रेशनाचं भ्या न्हाई मला. पण ते झालं की ह्यो पुन्हा मही सेवा करील."

डॉक्टर हसले. मीही हसलो. आबा हसले नाहीत.

त्या वर्षी तिफणीमागे दुसराच माणूस चालला. आबा बांधावर बसून होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"ठिव तिथं. मह्या हातानं घेतो."

मी दोन पावलांवर ठेवला. काठी टेकत तिथवर यायला त्यांना किती वेळ लागला ते बघत उभा राहिलो आणि हात पुढे केला नाही. एवढी अक्कल यायला त्यांचा पाय खर्ची पडला.